पत्रूचं आभाळातलं मचाण

पत्रू सुताराने बांधलेलं मचाण कधी कललं, असं पोंभुर्ण्याच्या आसपास कोणी म्हणणार नाही. पण सत्तावन्न सालच्या दिवाळीआधी चौघांची मचाणं बांधायची अर्धवट राहिली होती, धान लोंबीत आलं होतं, रानडुकरं बांधापर्यंत पोचली होती, आणि हा गडी लाकूड तासायचा वाकस बाजूला ठेवून वहीत डोकं खुपसून बसला होता. रशियाने आभाळात गोळा सोडला, तो पृथ्वीभोवती फिरतो, ही बातमी गुरुजींनी पारावर वाचून दाखवली, तेव्हापासूनचं हे खूळ. गोळा फिरतो, तर मचाण का फिरू नये?

झालं. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथल्या दंडारीसाठी, म्हणजे रातभर चालणाऱ्या नाटकासाठी, पत्रूने नवा खेळ रचला. सूरजागडच्या डोंगरातल्या लोखंडाचं मचाण पृथ्वीभोवती घिरट्या घालतं, त्याच्या चारी अंगांना तोफा. मंगळावरचे लोक आपल्या नद्या पळवायला येतात आणि वर राखणीला बसलेला एकटा जागल्या त्यांना पिटाळून लावतो.

दंडारीचं सगळं देवाजीभाऊंच्या हाती. त्यांनी पत्रूची तीन नाटकं आजवर परत केली होती. बायको शकुबाईने यंदा सरळ बजावलं होतं की, चौथंही परत आलं तर वही चुलीत जाईल.

भरदुपारी देवाजीभाऊंच्या अंगणात वाचन झालं. तोफांचे आवाज पत्रूने स्वतःच्याच तोंडाने काढले, तेव्हा कोंबड्या बैलबंडीखाली पळाल्या. जागल्याचं काम मुखरूला मिळणार होतं, म्हणून तो आधीच मिशीला पीळ देत बसला होता. मंगळाचं शेवटचं विमान जळालं, पडदा पडला, पत्रूने घाम पुसला.

देवाजीभाऊंनी तंबाखू मळता मळता विचारलं,

"पत्रू, याले शिडी कुठी हाये?"

"आभाळात शिडी कायची, भाऊ?"

"मंग हा उतरते कसा?"

पत्रूने वही चाळली. तोफांचे खिळेसुद्धा त्याने मोजून लिहिले होते, माणूस उतरवायचा मात्र राहून गेला होता. आणि गावची रीत तर अशी की, ज्याने जागल्या चढवला त्याने त्याची शिदोरी पोचवायची. बदलीचा माणूस खाली येऊन 'उतर' म्हणेपर्यंत जागल्या जागा सोडत नाही. उभा जन्म मचाणं बांधणाऱ्यानेच हे विसरावं!

मुखरूचा मिशीवरचा हात तिथेच थांबला. "मी नाई बसत बाप्पा. पृथ्वी वाचली, अन् मी?"

पत्रूने वीराच्या त्यागाबद्दल काहीबाही सांगून पाहिलं. तेवढ्यात कुंपणाशी उभी असलेली शकुबाई बोलली, "मंगळावरच्यायनं त्याले मारलं नाई, तुमी काऊन उपाशी मारता?"

सगळे हसले. पत्रूला मात्र डोळ्यांपुढे चूल दिसत होती. देवाजीभाऊंनी वही मागून घेतली, शेवटचं पान पाहिलं आणि हात पुढे केला, तेव्हा पत्रूने ती परत घ्यायलाच हात लांबवला. पण वहीबरोबर त्याच्या हातावर आली ती भाऊंची पेन्सिल. इथंच बस, म्हणाले, त्याला खाली उतरव, मग यंदा हीच दंडार.

बंडीच्या जुवावर बसून पत्रूने लिहून काढलं. खालून दुसरं मचाण वर येतं, त्यावर बदलीचा जागल्या, त्याच्या हाती शिदोरी. तो हाक देतो, "उतर भाऊ, आता माही पाळी."

देवाजीभाऊंनी तेवढंच पान पुन्हा वाचायला लावलं. मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, "हं. आता कोनीबी बसन."

पत्रूने असा श्वास सोडला की शेजारच्या बैलाने मान वळवून पाहिलं. मुखरूचा भाव लगेच वधारला. नुसत्या भातावर आपण उतरणार नाही, वांग्याची भाजी पाहिजे, असं तो अडून बसला. एरवी शब्द बदलायला सांगितला तरी तोंड फुगवणाऱ्या पत्रूने ती भाजी नुसती लिहिली नाही, तर त्याच पानावर मुखरूला दोनदा वाढली.