खालची गासडी

पल्लवी स्वभावाने लाघवी, पण सॉफ्टवेअरवर तिचा काडीचा विश्वास नाही. हुबळीतली एक छोटी कंपनी दवाखान्यांच्या औषधखिडकीसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यातल्या चुका हुडकणं हे तिचं काम. सात वर्षांत तिने चौदाशे तपासण्या रचल्या होत्या. एक ओळ बदलली तरी चौदाशेच्या चौदाशे चालवायच्या, हा तिचा हट्ट. त्यात चार दिवस जात आणि भाड्याच्या कॉम्प्युटरचं मीटर फिरत राही.

एका सोमवारी मालक जयतीर्थ वैतागलेच. "टेस्टिंग एका दुपारात बसवा, नाहीतर शुक्रवारपासून बंद. चुका गिऱ्हाईक सांगतील की!"

गिऱ्हाईक म्हणजे आजारी माणसं, हे ह्यांना कोण सांगणार? पल्लवीला घास गोड लागेना.

मंगळवारी ती दुर्गदबैलच्या बाजारात अप्पांचा डबा घेऊन गेली. तिचे वडील गणपत, सगळ्या बाजाराचे अप्पा, कापडाचे व्यापारी. दुकानाच्या दारात कापडाच्या साठ गासड्या उतरल्या होत्या. अप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि दोनच उघडायला लावल्या. शंभरदा पाहिलेलं दृश्य, पण आज तिला राहवलं नाही.

"अप्पा, ह्याच का?"

"हिची शिवण मिलची न्हवं. वाटेत कुणीतरी उसवलीया. जिला हातच लागला न्हाई, ती कशाला उघडायची?"

"आणि ही? हिची शिवण तर शाबूत हाय."

"ती हिच्या खाली हुती. हिच्यात पाणी शिरलं असंल तर ओल खाली उतरतीया, पोरी."

पल्लवी ताडकन उठली आणि ऑफिसकडे पळत सुटली. डबा तिच्याच हातात राहिला, अप्पा उपाशी!

मग तीन दिवस तिने कुणाला दाद दिली नाही. कोणती तपासणी सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागाला हात घालते, याची यादी केली. जो भाग बदलला त्याच्या तपासण्या चालवायच्या आणि जे भाग त्याच्यावर अवलंबून, त्यांच्याही. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

शुक्रवारी जयतीर्थांनी परीक्षाच मांडली. प्रोग्रॅमर श्रीनिधीने नव्या आवृत्तीत गुपचूप चुका पेरल्या. यादीप्रमाणे चौदाशेपैकी त्र्याण्णवच तपासण्या चालवायच्या निघाल्या. चाळीस मिनिटांचं काम! पडद्यावर एक लाल ओळ उमटली, मग दुसरी, मग तिसरी.

"तीन!" पल्लवी आनंदाने ओरडली.

श्रीनिधीचा चेहरा उतरला. "मी दोनच पेरल्या होत्या."

तिसरी खरीच होती. कुणीतरी सॉफ्टवेअरमधलं बाटलीचं माप बदललं होतं आणि लहान मुलांच्या सिरपचा डोस दुप्पट झाला होता. डोसच्या भागाला कुणी बोटही लावलं नव्हतं, पण तो बाटलीच्या मापावर अवलंबून होता. सोमवारी हे नऊ दवाखान्यांत गेलं असतं.

जयतीर्थ मटकन खुर्चीत बसले. त्यांना चार वर्षांची नात आहे. "इरली," ते कसेबसे कानडीत म्हणाले. "राहू दे, टेस्टिंग चालूच राहू दे. प्रत्येक वेळी चालव."

पल्लवीने दुकानात फोन लावला.

"अप्पा, खालची ओली निघाली!"