शेंदराखालचा ट्रॅक्टर

माले गावातल्या आमच्या घरी गोठ्यात जो देव आहे, त्याला चार चाकं आहेत.

मुळात तो एक छोटा ट्रॅक्टर. उंचीला म्हशीपेक्षा जरा कमी, लांबीला तिच्याएवढाच. मी लहान असताना आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, तो शेतात चालवायचे. पुढे तो बंद पडला, गोठ्यात ढकलला गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. दर खंडेनवमीला काकू कोयत्या-विळ्यांबरोबर त्याचीही पूजा करायची. पण नांगराला नुसतं हळदकुंकू आणि ट्रॅक्टरच्या तोंडावर मात्र तेलात कालवलेला शेंदूर! कारण पहिल्या वर्षी खुद्द आप्पांनीच आपल्या हाताने तो थापला होता. एरवी आरतीच्या वेळी नेमके विहिरीवर जाणारे आप्पा! काकूला भरून आलं आणि तिने ती रीत पुढे चालवली. थरावर थर चढले. शेवटी येणारे-जाणारे पाहुणे गोठ्याबाहेर चपला काढून आत डोकावू लागले.

हे असंच चाललं असतं, पण गेल्या वर्षी बैल विकले आणि वरच्या भातखाचराचा प्रश्न उभा राहिला. तिकडची वाट इतकी अरुंद, की मोठा ट्रॅक्टर जात नाही. भाड्याचे पॉवर टिलरवाले ऐन हंगामात फोन उचलत नाहीत. आणि पाणी भरलेल्या खाचरात चिखल कालवून चिखलणी झाल्याशिवाय भाताची लावणी नाही. फार्महाउससाठी जमिनी शोधणारा एक एजंट तर त्या खाचरावर केव्हाचा डोळा ठेवून बसलेला.

"रोप पिवळं पडायच्या आत चिखलणी झाली तर झाली," आप्पांनी जाहीर केलं. "न्हाईतर देऊन टाकतो खाचर. पडीक जमीन बघवत न्हाई मला."

 लग्न होऊन आल्यापासून त्या खाचरात काकू आंबेमोहर लावते आहे. ती उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. 

"मी आहे ना! गोठ्यातला ट्रॅक्टर चालू करतो!" मी म्हणालो.

मी पिरंगुटच्या एका कंपनीत तपासणी खात्यात आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं माझं काम. (स्वतः काही करून दाखवायची वेळ सहसा येत नाही, म्हणून माझं रेकॉर्ड उत्तम आहे.) मी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या. सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती, तिची क्षमा मागितली. इंजिनावर टिचकी मारली आणि निकाल दिला.

"जपानी आहे!"

"जपानी?" आप्पांना ठसका लागला.

"शंभर टक्के! हे बॉनेट बघा. असलं सफाईचं काम आपल्याकडे होतच नाही."

"आसंल बाबा," असं म्हणत आप्पा घाईघाईने विहिरीकडे चालू लागले. आरतीची वेळ नसतानाही!

मी लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला: 'आपल्या घराण्याचा जपानी वारसा.' भराभर अंगठे आले. मग पिरंगुटला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोटो बघितला, पटकन हात जोडले आणि मग विचारलं, "मॉडेल कुठलं? पाटीवरचा नंबर आणा, त्याशिवाय काय देणार?"

पाटी असलीच तर शेंदराखाली. घरी येऊन मी शेंदूर खरवडायला घेतला, तोच मागून काकूचा आवाज आला.

"हात लावून तर बघ, विलास! तुज्या आईनं माजी परात नेली, आता तू माजा देव न्ह्यायला आलास व्हय?"

या परातीबद्दल सांगायला हवं. काकूला तिच्या मामाने लग्नात एक भलीमोठी स्टीलची परात दिली होती. ती एक दिवस नाहीशी झाली. माझ्या आईने ती आपल्या माहेरी पोचवली, यावर काकू ठाम. आई म्हणायची, मी नाही. तेव्हापासून या दोघी जावा एकमेकींशी तोंडापुरतं बोलतात आणि आमच्या घरातल्या कुठल्याही भांडणात शेवटी ती परात येतेच.

"काकू, पाटी दिसल्याशिवाय सामान मिळत नाही. सामान नाही तर चिखलणी नाही," मी गयावया केली.

काकू थबकली. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला खाचर. "मग देवालाच इचारू," ती म्हणाली. "कौल लावते."

तिने जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या आणल्या आणि बॉनेटवर उजवीकडे एक, डावीकडे एक चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही हात जोडून उभे राहिलो. पण तो शेंदूर इतका तेलकट, की पाकळ्या हलायचं नाव घेईनात! पाय भरून आले. आप्पा डाव्या पाकळीकडे टक लावून काहीतरी पुटपुटत होते. त्यांना इतकी भक्ती करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात सीटवरची कोंबडी वैतागली, फडफडत बॉनेटवर उतरली आणि उजवी पाकळी खाली पडली.

"कौल दिला देवानं!" काकू म्हणाली.

"कोंबडीनं दिला!" आप्पा ओरडले. "ह्यो कौल धरायचा न्हाई!"

पण मी उलथणं घेऊन तुटून पडलो होतो. शेंदराच्या खपल्या निघाल्या आणि आतून लख्ख पत्रा चमकला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं!

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" मी ओरडलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागलो, "चि. सौ. कां. शेवंता हिस मामाकडून सप्रेम भेट."

शेवंता म्हणजे आमची काकू.

म्हशीनेही रवंथ थांबवलं. काकूने पुढे होऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच वळली.

"अवो! म्हंजे इतकी वर्सं मी माज्याच परातीला नमस्कार घालतीय?"

आप्पांनी मान खाली घातली. "बॉनेटला भोक पडलं व्हतं. पत्रा कुटं मिळंना. म्हनलं, पेरणीपुरती घ्यावी..."

"आन् वरनं शेंदूर थापला?"

"नाव दिसत व्हतं ना तुजं!"

"पण आप्पा, कंपनी कुठली?" मी अजून जपान सोडायला तयार नव्हतो.

"कंपनी कसली डोंबलाची! पंपाचं इंजिन, भंगारातल्या जीपचा गिअरबॉक्स आन् एक्सल. मीच जोडलाय त्यो."

"मग मी एवढा बोंबलत होतो तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर ही इचारणार, बॉनेट कशाचं केलं? मग काय सांगू?"

मी शहरातल्या घरी आईला फोन लावून सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, "जाऊबाईंना दे." इतक्या वर्षांत दोघी जावा पहिल्यांदाच पोटभर बोलल्या. काकू आधी रडली, मग हसली, आणि शेवटी दोघींनी मिळून आप्पांचा उद्धार सुरू केला. आप्पा ते ऐकत इंजिन साफ करत बसले. खरं सांगतो, तिथेच मला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

इंजिन पंपाचं निघालं, त्यामुळे त्याचे सुटे भागही पिरंगुटला मिळाले आणि कामाला जोर आला. इंजिन आप्पांनी घेतलं, मागचा एक्सल मी. मी तो सोडवला, धुतला, ग्रीस भरलं आणि छानपैकी बसवला. चिखलणीची लोखंडी चाकं चढवली. रोपाची टोकं पिवळी पडायला लागली होती, तेवढ्यात इंजिन धडधडलं! काकूने नारळ फोडला. एजंटही येऊन उभा होता, कारण आप्पांनी त्याला त्याच दिवशी शेवटचा शब्द द्यायचं कबूल केलं होतं. मी ऐटीत सीटवर बसलो, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर मागे निघाला आणि थेट शेणाच्या खड्ड्यात!

दुसरा गिअर टाकला, तर आणखी जोरात मागे. तिसरा टाकायची माझी हिंमत झाली नाही. रिव्हर्स टाकला, तेव्हा कुठे मुंगीच्या पावलांनी पुढे सरकून खड्ड्याबाहेर आला. आप्पांनी वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आरं, एक्सल उलटा बसवलाय तू! खालचं वर केलंस!"

"काय करायचं मग?" एजंट गालातल्या गालात हसत म्हणाला. "खोलायला वेळ लागेल. शब्द देऊन टाका."

आप्पांनी पिवळ्या पडत चाललेल्या रोपाकडे पाहिलं. मग काकूकडे पाहिलं.

"चिखलाला पुढचं काय आन् मागचं काय!" ते म्हणाले. "उतर खाली."

आणि ते सीटवर उलटे बसले! तोंड मागे, एक हात पाठीमागे स्टीअरिंगवर. ट्रॅक्टर उलटा उलटा अरुंद वाट चढला आणि वरच्या खाचरात उतरला. काकू बांधावरून ओरडत होती, "डावीकडं घ्या! अवो, तुमची डावी न्हाई, माजी डावी!" चिखल उडत होता, बगळे मागे धावत होते. दिवस मावळायच्या आत अख्खं खाचर लोण्यासारखं मऊ झालं. एजंट निघून गेला. दुसऱ्या दिवशी आई पहिल्या गाडीने आली आणि दोघी जावांनी शेजारी शेजारी वाकून लावणी केली. मी बांधावर उभा राहून डोळे पुसत होतो. (चिखल गेला होता. थोडा.)

एक्सल अजून तसाच आहे. आप्पा म्हणतात, सवय झाली. काकूने परातीचा पत्रा काढून घरात नेला आणि त्याच्या जागी पौडच्या भांड्यांच्या दुकानातून एक नवी पाटी कोरून आणली: 'घडवणारे: आप्पा. बिघडवणारा: चि. विलास.'

इतकी वर्षं कंपनीत काढली, पण कुठल्याही यंत्रावर माझं नाव कधी आलं नव्हतं. ते एकदाचं आलं! खंडेनवमीला काकूने त्या पाटीलाही शेंदूर लावला. पण फक्त आप्पांच्या ओळीवर. माझी ओळ तिने पदराने लख्ख पुसून ठेवली, पाहुण्यांना लांबून वाचता यावी म्हणून!