जुफैरच्या खिडकीतला समुद्र

गल्फमध्ये वर्षं काढली की घरात सामान साठतं. ते कार्गोने गावी धाडता येतं. पण आमच्या शुक्रवारच्या ग्रुपकडे पाटणकर सरांचे किस्से साठलेत, त्यांचं काय करायचं?

सर शहराच्या सीफ भागात एका कंपनीत इंजिनिअर. शुक्रवारच्या सुट्टीला जुफैर भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आम्हाला एचिंग शिकवायचे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र काढायचं, रेघा अ‍ॅसिडला खाऊ द्यायच्या, मग शाई भरून कागदावर छापायचं.

*

सरांचं दैवत म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक चित्रकार. नाव एवढं लांबलचक, की आम्ही नुसतं ‘म्हातारा’ म्हणायचो! तरुणपणीच देश सोडला, परक्या शहरात जन्म काढला, आणि खिडकीखालचा एकच रस्ता पुन्हापुन्हा काढला. समोरचं दुकान पाडलं, की हा पत्र्यावरूनही ते घासून टाकायचा!

“आपल्यासारखाच एक्सपॅट रे,” सर म्हणायचे. “फक्त रेसिडेंट कार्ड नव्हतं बिचाऱ्याकडे!”

*

रत्नागिरीचे शरीफभाई पहिल्यांदा आले, तेव्हा सर खिडकीकडे पाठ करून बसलेले. समोर सरांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा आरसा, आणि आरशात बघून समुद्र काढणं चाललेलं.

“सर, दर्याशी भांडण झालं काय?”

“अहो, पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं. म्हणून आधीच उलटं बघायचं!”

मी कसला ऐकतोय! चहा पिणाऱ्या काकू उत्साहात पत्र्यावर काढल्या, तशाच, सरळ. प्रिंट बघून काकू म्हणाल्या, “मी डावखुरी कधी झाले रे?”

*

छापायला प्रेस कुठून आणणार? सरांनी काकूंचं पास्ता मशीन ढापलं. दोन रोलरमधून पत्रा आणि ओला कागद, यल्ला, चलो!

“आमच्या मशीनमधून शेवया नाही, समुद्र निघतो,” काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. पण प्रत्येक प्रिंट जपून वाळवायच्या त्याच.

*

रिटायर होऊन परत जाण्याआधी खिडकीतला समुद्र नीट उतरवायचा, एवढीच सरांची इच्छा. आणि नेमका समोर टॉवर उठायला लागला!

“सर, टॉवर काढूच नका ना,” मी म्हटलं.

“म्हातारा हसेल मला!”

एकेक मजला चढला, की सर पत्र्यावरचा तेवढा समुद्र घासून टाकायचे, तिथे मजला कोरायचे आणि नवी प्रिंट काढायचे. शेवटी समुद्राची चिंधी उरली. मला तर बघवेना. स्वतःचं इतकं देखणं काम स्वतःच्या हाताने पुसायला काय छाती लागते हो!

*

फ्लॅट सोडायचा दिवस. आम्ही खोकी उचलायला गेलेलो. घरमालकाचा माणूस चेकिंगला आला. नळ, एसी, भिंतीतली खिळ्यांची भोकं, काही सोडलं नाही त्याने.

“साहब, फ्लॅट वैसा ही चाहिए, जैसा आपको मिला था.”

“बिलकुल,” सर म्हणाले.

त्यांनी बॅगेतून सगळ्यात पहिली प्रिंट काढली, टॉवरच्या आधीची, या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्रच समुद्र! खिडकीच्या काचेवर चारी कोपऱ्यांना टेप लावून चिकटवली. मग किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“अब बराबर. खलास!”