पुराची फळी

लग्न होऊन महाडात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सासरच्या माणसांचं हसं केलं आणि माझंही करून घेतलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला, माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच, एक चांगली रुंद सागवानी फळी होती आणि ती साफ रिकामी होती. मी स्टुलावर चढून तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवली. संध्याकाळी सासरे आले, स्टुलावर चढले आणि बरणी खाली काढून माझ्या हातात दिली.

"ही फळी पुराची हाय," ते म्हणाले. "तिच्यावर आधीपासून काय नाय ठेवायचं. ऐन वेळी जागा कुठं शोधणार?"

मी उमरठच्या पुढच्या वाडीतली, पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातली. आमच्याकडे घरात खुंटी रिकामी राहत नाही, तिथे एवढी मोठी फळी वर्षभर मोकळी ठेवायची म्हणजे मला निव्वळ चोचले वाटले. पण मग बघते तर काय, बाजारपेठेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत घरोघरी तशीच फळी, त्याच उंचीवर आणि तशीच रिकामी. पाण्यावर घरं बांधून बसलेल्या या लोकांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे असं माझं तेव्हा ठाम मत झालं. ते फारसं बदललेलं नाही. फक्त आता त्या लोकांत मीही आले.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते सुतार. गल्लीतली प्रत्येक पुराची फळी त्यांच्या हातची. आमच्या पडवीतल्या खांबावर त्यांनी पटाशीने खुणा कोरल्या होत्या, प्रत्येक मोठ्या पुराची एक. सगळ्यात वरची खूण त्यांच्या तरुणपणातल्या पुराची. फळी ठोकायची ती त्या खुणेच्या वर एक वीत, हा त्यांचा नियम. खूण आमच्या खांबावर आणि फळी शेजारच्या भिंतीवर, मग उंची जुळवायची कशी? तर पाण्याने भरलेल्या लांब पारदर्शक नळीने. एक टोक खुणेला धरायचं, दुसरं शेजारच्या घरात न्यायचं. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं, तिथे पेन्सिलीची रेघ मारायची. गवंडी लोकही असंच करतात, पण बाबा ते करताना देवळात असल्यासारखे गप्प होत.

या कामाला दोन माणसं लागतात. नवरा एमआयडीसीत शिफ्टला, म्हणून नळीचं दुसरं टोक माझ्याकडे आलं. त्या टोकाच्या निमित्ताने मी गल्लीतलं प्रत्येक घर आतून पाहिलं, आणि कबूल करते, याच कामात मला हे शहर आवडायला लागलं. इथे पूर्वी खाडीतून गलबतं यायची म्हणतात. घरं अरुंद आणि लांबलचक, पुढचं दार रस्त्यावर आणि मागचं नदीच्या बाजूला. उन्हाळ्यात मागचं दार उघडलं की भरतीचा गार वारा थेट पुढच्या ओट्यापर्यंत यायचा. पावसाळ्यात एखाद्या सकाळी पाणी नुसतंच गल्लीत येऊन उभं राहायचं, घोट्याएवढं, स्वच्छ नसलं तरी शांत. दोन्हीकडची घरं त्यात उलटी दिसायची, मधे आभाळाची पट्टी. मी ओट्यावर बसून ते बघत राहायची आणि मला लाज वाटायची, कारण जे पाणी लोकांना घाबरवतं ते मला सुंदर दिसत होतं. बाबांना एकदा हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग? आमी काय उगाच राहतो इथं?"

पाणी किती येईल हे गल्ली बाबांना विचारी. ते हवामानाच्या बातम्या ऐकत, पण त्यांचा भरवसा तीन गोष्टींवर. वर महाबळेश्वरला पाऊस किती, खाली खाडीला उधाण कधी, आणि माझा भाऊ काय म्हणतो. आमच्या वाडीखालचा ओढा महाडच्या सावित्री नदीला मिळतो, तेव्हा ओढ्याचा रंग बदलला की दादा फोन करायचा. बाबा बोटांवर तिथी मोजत, गल्लीच्या टोकाला जाऊन पाणी बघून येत आणि जाहीर करत, "दुसऱ्या पायरीला येल आनि जाईल." आणि तसंच व्हायचं. त्यांच्या शब्दावर गल्ली चालायची. गल्लीचा आणखी एक रिवाज होता. पाणी ओट्याला लागेपर्यंत घर सोडायचं नाही. त्याआधी सामान घेऊन निघणारा तो बाहेरचा, त्याची मग वर्षभर टिंगल. लग्नानंतरच्या पहिल्या पुरात मी पिशवी भरून दारात उभी होते, ते अजून सांगतात.

शेजारच्या घरात एक शिवणकाम करणारी बाई राहायला आली. नवरा वारलेला, मुलगी शाळेत, आणि सगळा संसार एका शिलाई मशीनवर. तिला फळी हवी होती. मी नळी धरली, बाबांनी येऊन रेघ मारली. रेघेकडे बघून ती म्हणाली, "काका, अजून थोडी वर घ्या ना. मशीन हाय माझी."

"वर घेतली तर तुझा हात नाय पोचणार," बाबा म्हणाले. "आनि खुणेच्या वर पाणी जात नाय, गो. मी हितंच जन्मलोय."

ती मान हलवून तयार झाली. मीही मान हलवली.

मग तो पूर आला. त्याचं वर्ष सांगायची गरज नाही, महाडात नुसतं "त्या वर्षी" म्हटलं की कळतं. दादाचा फोन सकाळी आला, पण ओढ्याच्या रंगाबद्दल तो काही बोललाच नाही. "ओढा दिसतच नाय," तो म्हणाला, "नुसतं पाणी दिसतंय." बाबांनी तिथी मोजली, पाणी बघून आले आणि म्हणाले, खुणेच्या हातभर खाली थांबेल. गल्लीने नेहमीप्रमाणे फळ्या भरल्या. शेजारणीने मशीनचं डोकं लोखंडी स्टँडपासून सोडवून, चादरीत गुंडाळून फळीवर चढवलं, वर ग्राहकांचं कापड. माझ्या नवऱ्याने तिला विचारलं होतं, मशीन आमच्या माळ्यावर नेऊ का. ती म्हणाली, कशाला, फळी आहे ना.

पाणी ओट्याला लागलं तेव्हा बाहेर पडायला रस्ताच उरला नव्हता. शेजारीण आणि तिची मुलगी आमच्या माळ्यावर आल्या. माळ्याच्या भोकातून आम्ही सगळे पडवीतला खांब बघत होतो. एकेक खूण बुडत गेली. शेवटचीही बुडाली. तेव्हा मी बाबांकडे बघितलं आणि पुन्हा बघायचं धाडस केलं नाही. पाणी फळीवरून गेलं. माळ्याच्या लाकडांना लागता लागता थांबलं. त्या माळ्यावर काढलेल्या वेळाबद्दल मला यापेक्षा जास्त लिहवत नाही.

पाणी उतरल्यावर जे राहिलं त्याला चिखल हा शब्द पुरत नाही. गुडघाभर, चिकट, कुजलेला वास असलेला गाळ. कुठून कुठून माणसं आली, फावडी घेऊन, भाकऱ्या घेऊन. वाडीवरून माझे भाऊबंद टेम्पोत उभे राहून आले आणि आठ दिवस गाळ उपसत राहिले. शेजारणीने मशीन काढलं तेव्हा त्याच्या चाकातून गाळ गळत होता. तिने ते ओट्यावर ठेवलं, पदराने पुसत बसली. बाबा समोर उभे होते. ती त्यांना काही म्हणाली नाही. गल्लीत कुणीच त्यांना काही म्हणालं नाही, आणि त्यानेच ते खचले. एखाद्याने चार शिव्या घातल्या असत्या तर ते सावरले असते असं मला आजही वाटतं.

नव्या पाण्याचा डाग भिंतींवर स्पष्ट होता. लोक म्हणाले, काका, खूण कोरा, फळ्या वर घेऊ. बाबांनी पटाशी हातात घेतली नाही. नळी गुंडाळून त्यांनी कुठे टाकली ते मी विचारलं नाही. ते ओट्यावर बसेनात, पुढच्या दाराने बाहेर पडेनात. पुढचे दोन पावसाळे कुणी विचारलं, पाणी किती येईल, की ते आत निघून जात. जो माणूस गल्लीचं पंचांग होता तो घरात पाहुण्यासारखा वावरू लागला. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी जीवही तुटायचा, दोन्ही एकाच वेळी. आणि हेही सांगून टाकते, नळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

नवरा म्हणू लागला, हायवेच्या बाजूला फ्लॅट बघू. मी म्हटलं, त्यापेक्षा माझ्या माहेरी जाऊ. त्याच आठवड्यात कळलं की आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली आहे आणि तिथल्या घरांना खाली पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं आहे. लहानपणापासून मी ज्या डोंगराच्या जिवावर महाडकरांना हसत आले, तो डोंगरही पाण्यानेच फुगला होता. दादा फोनवर म्हणाला, "आमी भेग रोज बघतो, काठी लावून. वाढली की निघायचं." तुम्ही तिथून कायमचे जा, असं माझ्या तोंडून निघेना. फ्लॅटचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात, अमावास्येच्या आदल्या सकाळी, दादाचा फोन आला. ओढा लाल झाला होता आणि कशेडी घाटात दरड आली होती. पाणी गल्लीच्या टोकाला आलं होतं, पहिल्या पायरीच्याही खाली. शेजारीण आमच्या दारात आली. आता तिच्याकडे दुसरं मशीन होतं, जुनंच, कुणीतरी दिलेलं. मी तिला खुणेनेच सांगत होते की त्यांना विचारू नकोस. तिने विचारलंच.

"काका, पाणी किती येल?"

बाबा आत निघून जातील म्हणून मी वाट बघत होते. ते उठले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने बाहेर आले. टोकापर्यंत चालत गेले, पाणी बघितलं, परत आले. बोटांवर मोजू लागले आणि मधेच थांबले.

"मला नाय ठाऊक," ते म्हणाले.

आमच्या गल्लीत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"मशीन उचल," ते म्हणाले. "चढावरच्या शाळेत जाऊ. आत्ता."

"पन पाणी तर अजून ओट्याला..."

"म्हनूनच."

मग माझे सासरे, रिवाज मोडून, पायात चपलाही न घालता घरोघरी गेले. प्रत्येक दारात तेच. "किती येल मला ठाऊक नाय. म्हनून सांगतोय, चला." लोक हसले, काहींनी मान फिरवली. एक म्हातारा म्हणाला, "काका, तुमी सुनंसारखं डोंगरचं झालात काय?" बाबा म्हणाले, "झालो तर झालो." मी माळ्यावरची पिशवी काढली. नवऱ्याने मशीनचं डोकं खांद्यावर घेतलं. दहा मिनिटांत निम्मी गल्ली चढाला लागली होती आणि पुढे बाबा, ज्यांना तीन वर्षं मी दाराबाहेर पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. पाऊस होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि दुपारी उधाण ओसरलं तसं उतरून गेलं. कुणाच्या ओट्यालाही लागलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात मग बाबांची जी टिंगल सुरू झाली ती विचारू नका. एकाची भाकरी तव्यावर राहिली होती, दुसऱ्याची मांजर घरात. "काका, उगाच पळवलंत आमाला!" ते ऐकत होते, कपाळाला हात लावत होते आणि चक्क हसत होते.

हळूहळू लोक गल्लीकडे परतू लागले. शेजारीण मात्र अजून भिंतीला टेकून बसली होती, मशीन मांडीशी धरून, कोरडंठाक. बाबा तिच्या समोर येऊन उभे राहिले. त्या पहिल्या मशीनबद्दल ते आजवर तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिने वर बघितलं.

"काका," ती म्हणाली, "पुढच्या वेळेला बी हाक मारा हां. पयली मला."