उलट्या सायकलचे चाळीस किलोमीटर

नसीमआपांचं नाव आधी घेते. पुढे जे सांगायचं आहे ते माझं आहे, पण त्याच्या आधी त्यांचं नाव यायला हवं. परभणीत मला कुणी नव्हतं तेव्हा त्या होत्या. आज मी पिठाचा डबा घेऊन दोन जिने न थांबता चढते, शुगर आटोक्यात आहे, गुडघे बोलत नाहीत — हे सगळं त्यांनी दिलेलं आहे.

आणि मी त्यांना काय दिलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गावाकडे आईला नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जमेल.

मी गडचिरोलीकडची. सातवीनंतरची शाळा सहा किलोमीटरवर होती. ज्यांच्या घरी सायकल होती ते गेले, मी राहिले. त्यानंतर लग्न, मग नवऱ्याच्या मागे गावोगाव, आणि शेवटी इथे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण. भात खाणारी मी, ज्वारीच्या भाकऱ्या थापायला इथेच शिकले. एक दिवस भाकरी थापता थापता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पिठाच्या परातीवरच बसले. पोरी घाबरल्या. मागच्या गल्लीत एक रिटायर सिस्टर राहतात म्हणून त्यांना बोलावून आणलं. त्या आपा.

त्यांनी बीपी बघितलं, बोटातून रक्त काढून शुगर बघितली, आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी काही चोरलंय.

"गोळी मी लिहून घेऊन देते डाक्टरकडनं," म्हणाल्या, "पण नुसत्या गोळीनं काय व्हत न्हाई. पाय हालीव. दिवसभर चुलीपुढं उभी ऱ्हायलीस म्हंजे चालली न्हाईस."

त्यांच्या अंगणात लेकीची जुनी लेडीज सायकल उभी होती. लेक हैदराबादला दिलेली. ती सायकल त्यांनी धुऊन, टायर बदलून माझ्यापुढे ठेवली. बेचाळीस वर्षांच्या बाईला त्यांनी सायकल शिकवली — पहाटे, मैदानावर, ओढणी कमरेला खोचून, कॅरिअर धरून मागे पळत. त्या तेव्हा बासष्ट वर्षांच्या. चहाच्या टपरीवरचा एकजण ओरडला, "काकू, लायसन काढलं का?" आपा न थांबता म्हणाल्या, "तुला पैलं इंजेक्शन मीच दिलंय रे. लय रडला व्हतास. सांगू का समद्याला?" टपरी हसली, तो आत गेला.

महिन्याभरात आम्ही दोघी सोबत विद्यापीठाच्या रस्त्याने जायला लागलो. आधी तीन किलोमीटर, मग चार. त्यांच्या भाच्याने दोन सारखे मीटर आणून दोघींच्या हँडलला लावून दिले. पुढच्या चाकाच्या तारेला एक छोटं लोहचुंबक, चाक फिरलं की आकडा पुढे. रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात बसायचं, सायकली उलट्या करायच्या, चेन रॉकेलने पुसायची, ब्रेकचे रबर बघायचे, टायर अंगठ्याने दाबून बघायचा. "तेल चेनला पाजायचं, आंघोळ न्हाई घालायची," हे त्या दर रविवारी म्हणायच्या. मग दोन्ही मीटर वाचायचे, शून्यावर आणायचे, आणि चहा.

असे रविवार मला आयुष्यात आधी कधी मिळाले नव्हते. हे नीट लक्षात ठेवा. मला ते गमवायचे नव्हते — पण थांबा, हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारण शोधायला बसले तर मला पुष्कळ सापडतील.

पोरींच्या परीक्षा आल्या. पहाटे साडेपाचला चहा द्यावा लागायचा. सकाळचं फिरणं बंद झालं. आपा म्हणाल्या, तू दुपारी चारला जा, मी सकाळी जाते, रविवारी मीटर बघू. मी हो म्हटलं. सोमवारी गेले, मंगळवारी गेले. मंगळवारी वळणावर एक ट्रक इतका जवळून गेला की मी रस्त्याच्या कडेला धुळीत पडले. गुडघा सोलला. दोन पोरं मोटारसायकल थांबवून हसली आणि गेली. एवढंच. हात मोडला नाही, पाय मोडला नाही.

बुधवारी मी गेले नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी सायकलपर्यंत गेले आणि परत आत आले.

शनिवारी म्हटलं, निदान धूळ तरी पुसावी, आपा बघतील. स्वयंपाकघराच्या मागे सायकल उलटी केली. मीटर घासू नये म्हणून हँडलखाली दोन पाट ठेवले — हेही त्यांनीच शिकवलेलं. रिम पुसायला पुढचं चाक फिरवलं. पुसून झाल्यावर खाली वाकून बघते तर मीटरवर सहा किलोमीटरचे सव्वासहा झालेले.

मी इकडे तिकडे बघितलं. आणि चाक पुन्हा फिरवलं.

डाव्या हाताने चाक, उजव्या हाताने तांदूळ निवडत. तासभर. तेवढ्या वेळात मी खरंच जाऊन आले असते, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं नाही.

रविवारी आपांनी चष्मा लावून वाचलं. "एकवीस? बाई गं. एकटीनं?" आणि त्यांनी मला जवळ ओढलं, तेलाच्या हातांनी. माझ्या पाठीवर साडीला त्यांच्या बोटांचे काळे ठसे उमटले. मी ती साडी बरेच दिवस धुतली नाही.

त्यांचे एकोणीस होते.

इथेच थांबले असते तर? एकदाची लबाडी, भीतीपोटी केलेली. तसं असतं तर हे लिहिलंही नसतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचे सव्वीस झाले. माझे मी पंचवीसवर ठेवले होते. त्या लहान मुलीसारख्या टाळी वाजवून म्हणाल्या, "बघ, म्हातारीनं गाठलं तुला." हसत होत्या. आणि मला — हे लिहिताना पेन अडतंय — मला राग आला. बेचाळीस वर्षांत एकदाच मी कशात तरी पुढे होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी एकतीस फिरवले. मग चौतीस. मला भीती वाटत नव्हती आता. मला जिंकायचं होतं. जी बाई माझ्या मागे कॅरिअर धरून पळाली तिच्याशी, आणि तेही पाटावर बसून.

आपा आता सकाळच्या जोडीला दुपारीही जायला लागल्या होत्या. मला माहीत होतं. "सकाळी गुडघा आखडतोय, पुरं व्हत न्हाई. मग दुपारी जाते," असं त्यांनी मला सांगितलं होतं. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना उन्हात फिरू नका म्हणून सांगितलं, ती. मार्च संपत आला होता. परभणीचं ऊन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले आणि दारातच म्हणाले, "आपा, माझे चाळीस झाले." कुणी विचारलं नव्हतं. रविवारपर्यंत दम निघाला नाही मला.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी वसतिगृहाच्या फाटकात भाजीवाल्याशी बोलत उभी होते. आपा सायकलवरून आल्या, एक पाय टेकवून थांबल्या. चेहरा आधीच लाल झालेला.

"माझे एकोणतीस," म्हणाल्या. "अकरा राहिले. आज फिटले तर उद्या तुझ्यासंगं बरोबरीत बसंन. न्हाई तर हरले, चहा माझ्याकडनं."

एक वाक्य पुरलं असतं. "आपा, ते चाळीस खोटे आहेत." मोजून पाच शब्द. भाजीवाला कोथिंबीर झटकत होता, रस्त्याला गर्दी नव्हती, घाई कुणालाच नव्हती. त्या थांबून माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "पाणी घेऊन जा, आपा."

त्यांनी बाटली दाखवली आणि गेल्या.

गंगाखेड रोडला चक्कर येऊन पडल्या. एका रिक्षावाल्याने सरकारी दवाखान्यात आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी टाकली. डॉक्टर म्हणाले चालतील, वॉकर धरून. सायकल मात्र नाही.

मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं? "सायकलचं हँडल वाकलं आसंल गं. तेवढं बघून घे." मी सायकल घरी आणली. हँडल सरळ केलं, चेनची माती काढली, तेल पाजलं. मीटरवर चौतीस आणि थोडं वर होतं. अजून परत फिरल्याही नव्हत्या. मी तो आकडा शून्यावर आणला नाही. माझा आणला.

त्यानंतर मी खरी सायकल चालवायला लागले. मध्ये आठ दिवस सोडले तर रोज. ट्रक अजून जवळून जातात. पहिल्या महिन्यात मांड्या इतक्या दुखायच्या की खाली बसून भांडी घासता यायची नाहीत. मग दम वाढला. वजन उतरलं, ब्लाउज उसवून आत घ्यावे लागले. शुगर खाली आली. रेक्टर मॅडमनी मागच्या वर्षी मला पोरींपुढे उभं केलं — बघा, रंजनाताई सातवी शिकलेल्या, पण तब्येतीचं ह्यांच्याकडून शिका. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी काय बोलले? हवा रोज बघा, तेल आठ दिवसांनी. नसीमआपांनी शिकवलं म्हणाले. आपा बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या, वॉकर पुढे ठेवून. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या त्या वाजवत होत्या.

लोक म्हणतात, सायकलने तुझं आयुष्य बदललं. मी मान हलवते. एकीचं आयुष्य बदललं ते दुसरीला खुर्चीत बसवून, हे कुणाला दिसतं?

रविवार अजून आहेत. मी दोन्ही सायकली अंगणात उलट्या करते, त्यांचीही, जी कुणी चालवत नाही. त्या खाटेवरून सांगतात, मी पुसते. आणि मग त्या विचारतात, "किती?"

मी मीटर वाचते. आता आकडा खरा असतो. चोवीस. बावीस. एखाद्या आठवड्यात सव्वीस.

"बस?" आपा म्हणतात. "पूर्वी चाळीस करायचीस की गं. माझी काळजी करत बसू नको, तू तुझं चालीव."

दर रविवारी मी मान खाली घालून चेन पुसते. त्यांना वाटतं माझ्या मनाला त्यांचं पडणं लागलंय म्हणून माझे पाय मागे पडले. मग त्याच मला समजावतात. चहा त्यांच्या हातचा असतो, वॉकरला एका हाताने धरून केलेला. मी तो पिते.

तुम्ही मला काही म्हणू नका, बरं किंवा वाईट. मी त्यासाठी लिहिलेलं नाही.

आपा, तुमचा पाय मला परत देता येणार नाही. पण तुमचं एक वाक्य माझ्याकडे राहिलंय, फाटकातलं. ते मी देईन. एका रविवारी तुम्ही "किती?" विचाराल तेव्हा मी मीटर वाचणार नाही. सायकल उलटी करीन, हँडलखाली दोन पाट ठेवीन, आणि तुमच्यासमोर हाताने चाक फिरवून दाखवीन.