करवंट्यांचा खेळ कुणाचा

आमचे हे आगबोटीवर भट्टीत कोळसा घालायच्या कामाला होते. दोन वर्षांनी रत्नागिरीला घरी आले, तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची झाली होती. माझ्या पदराआडून तिनं विचारलं, "आये, हे पावणे जेवून जातील?" मला हसू आलं. यांचा चेहरा मात्र उतरला. "बाबा म्हण गं," सांगून मी थकले, पण ती काही बधेना.

मग यांनी ठेवणीतली विद्या बाहेर काढली. पोर्ट सैद बंदरात बोटीवर येणाऱ्या एका मिसरी जादूगाराला विड्या पाजून ती मिळवली होती. तीन करवंट्या घासून गुळगुळीत केल्या, त्यांखाली एक सुपारी. करवंटी उचलली की सुपारी गायब, शेजारची उचलली की हजर. "हा मिसर देशाचा खेळ," हे ऐटीत म्हणाले. शेजारीपाजारी तोंडात बोटं घालून बघत राहिले. मुलगी लांबूनच बघत होती.

सासऱ्यांनी जन्मात जवळच्या पावस गावापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, पण मत प्रत्येक देशाबद्दल होतं. "मिसर कसला? ह्यो आपल्या गारुड्यांचा खेळ. त्या लोकांनी हितनंच नेलानी."

आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. आमटी खारट झाली तरी कुणाच्या लक्षात येत नसे, तेवढाच मला फायदा. शेवटी सासऱ्यांनी बाजारातून एक म्हातारा गारुडी साक्षीला पकडून आणला. त्यानं अंगणात लाकडी वाट्या मांडल्या, यांनी समोर करवंट्या. खरं सांगायचं तर गारुड्याचा हात यांच्यापेक्षा कितीतरी सफाईदार होता. मला वाईट वाटलं आणि त्या गारुड्याचा रागही आला.

सासऱ्यांनी मिशीवर हात फिरवला. "आता सांग, खेळ कुणाचा?"

"माझ्या बापाचा," गारुडी म्हणाला.

मुलीच्या मुठीतून माझा पदर एकदम सुटला. ती तरातरा जाऊन गारुड्यापुढे उभी राहिली. "नाय. माझ्या बाबांचा."

यांच्या बोटांत लपवलेली सुपारी निसटली आणि गडगडत सासऱ्यांच्या पायाशी गेली. सासऱ्यांनी ती उचलली, लेकाच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि अडकित्ता काढला.

"आयकलंस ना?" सुपारी कातरत ते गारुड्याला म्हणाले. "तिच्या बापाचा हाय."