हरेशचा गुडघा

आज पहाटे हरेश गेला. त्याचा खेळ मी मारला.

गेल्या आठवड्यापर्यंत हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता सगळ्यांना कळू दे.

आरआयपी टाकायची घाई करू नका. आधी वाचा.

नवीन मित्रांसाठी सांगतो. जिते गावच्या आमच्या कबड्डी टीमचा मी बारा वर्षं कॅप्टन होतो. मेन रेडरपण मीच.

हरेश बाराही वर्षं राखीव.

खेळात कमी होता म्हणाल, तर अजिबात नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा, कव्हर, चढाई, कुठेही उभा करा, चालायचा. आणि जो कुठेही चालतो त्याला कुठलीच जागा मिळत नाही. कोणी दुखावला तर हरेश आहे ना, म्हणून आम्ही निवांत.

त्याचं खरं काम मॅचच्या आधी असायचं.

ज्या टीमशी आमची गाठ पडणार, तिचा खेळ बघायला हा एकटा एसटीने जायचा. पेण, नागोठणे, रोहा, कुठेही. परत आला की प्रॅक्टिसला त्यांचा रेडर बनून आमच्यावर चढाई करायचा. तोच पाय, तोच खांदा, तीच हुलकावणी.

रोह्याच्या एका रेडरला चढाईआधी कान खाजवायची सवय होती. हरेश कानसुद्धा खाजवायचा. आम्ही हसून लोळायचो.

मग मॅचमध्ये त्या रेडरने कान खाजवला की आमच्या कोपऱ्याला बरोब्बर कळायचं, आता उजवा पाय येणार.

जिंकलो की हार माझ्या गळ्यात. हरेश सतरंज्या गोळा करत असायचा.

मग रोह्याची ती फायनल. पहिल्याच हाफमध्ये माझा घोटा मुरगळला. नऊ गुणांनी मागे होतो. हरेश उतरला.

त्या दिवशी त्याने कोणाचीच नक्कल केली नाही. त्याची स्वतःची चढाई कशी असते, ते आम्ही पहिल्यांदा बघितलं. मी बाकावरून बघितलं. इतका सुंदर खेळला की मी घोटा विसरलो. आणि थोड्या वेळाने मला ते बघवेना.

जिंकलो.

दोन दिवसांनी पेणच्या स्टँडवर एका कंपनीच्या टीमचा कोच मला भेटला. ठाण्याकडची मोठी टीम, खेळाडूला परमनंट नोकरी देणारी. म्हणाला, तुमचा तो राखीव मुलगा मला पहिल्या सातात हवाय. नोकरीचं मी बघतो. फिट आहे ना, तेवढं सांगा.

मी म्हणालो, "त्याचा गुडघा गेलाय. अर्ध्या मॅचच्या वर नाय टिकत."

कोचने चहा संपवला आणि गेला. एवढंच. दोन वाक्यं.

टीमसाठी बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. हरेश गेला असता तर टीम बसली असती, हे खरंच आहे. पण मी ते टीमसाठी केलं नाही. हा ठाण्याला चमकेल आणि आपण इथे हार घालून बसू, या विचाराने माझा जळफळाट झाला होता.

हरेश पुढे रोह्याला एका कंपनीत बदली कामगार म्हणून लागला. कोणी रजेवर गेलं की याला फोन. मग सकाळची गाडी पकडून रोहा. शेवटपर्यंत परमनंट झाला नाही.

सात-आठ वर्षांनी एका लग्नात तोच कोच हरेशला भेटला. मी शेजारीच जेवत होतो. कोचने सहज विचारलं, गुडघा कसा आहे आता?

माझा घास हातातच राहिला.

हरेशने एकदा माझ्याकडे बघितलं. मग कोचला म्हणाला, "बरा हाय आता."

तिथेही मला वाचवलं त्याने.

नंतर त्याने कधी विषय काढला नाही. मीही नाही. गप्प आहे म्हणजे माफ केलं, असं मी धरून चाललो. शिवाय हरेशला गाव सुटणार नव्हतंच, कोणी नेला असता तरी महिन्याभरात परत आला असता, हे मी मनाला पढवून ठेवलं होतं. इतकी वर्षं त्याच समजुतीच्या जोरावर झोपलो.

गेल्या आठवड्यात पनवेलच्या हॉस्पिटलात त्याला बघायला गेलो. दोन्ही किडन्या गेलेल्या. अंगाला सूज. वहिनी उशाशी बसल्या होत्या.

मी त्याचा हात धरून सगळं बोललो. स्टँड, कोच, गुडघा. रडलो. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

आणि मला सुटायचं होतं, म्हणून शेवटी विचारलं, "पण तू तसापण गाव सोडून गेला नसतास, व्हय ना?"



तो म्हणाला, "गेलो असतो रे. फायनलनंतर कोणतरी येल असा वाटलेला. म्हैनाभर बॅग भरून ठेवलेली मी."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग वहिनींना म्हणाला, "पाणी दे गो जरा."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

कमेंटमध्ये 'दादा, तुम्ही मनावर घेऊ नका' असं कोणी लिहू नका. माफ करणारा एकच माणूस होता आणि त्याने केलं नाही. बरोबर केलं.

दुपारी बाराला घरून नेणार आहेत. जुन्या टीममधल्या सगळ्यांनी या. मी येईन, पण खांदा देणार नाही. वहिनींनी नको म्हणून सांगितलंय.

भावपूर्ण हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. नुसती श्रद्धांजली, हरेश.

जा. तुला अडवायला आता मी नाही.